लुई पाश्चर : रेबीजची लस आणि मज्जासंस्थेचे रक्षण

फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांचा २८ सप्टेंबर हा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. मज्जासंस्थेवर घाला घालणाऱ्या या रोगाला पाश्चर यांनी प्रथम आळा घातला. मात्र त्यांच्या लसीतच मज्जासंस्थेला अपाय करणारा एक दोष होता आणि तो दूर होण्यास अनेक दशके लागली.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल या गावी झाला. त्यांचे वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करीत. रसायनशास्त्राचे प्राध्यापक झालेल्या पाश्चर यांनी आंबण्याची क्रिया सूक्ष्मजीवांमुळे होते, हे दाखवून दिले. ऑक्टोबर १८६८ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डाव्या हातापायातील दुर्बलता अखेरपर्यंत राहिली. तरीही अँथ्रॅक्स आणि रेबीज या रोगांवरील लसींचे कार्य त्यांनी त्यानंतरच, सहकाऱ्यांच्या मदतीने, पूर्ण केले.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून शिरलेला विषाणू नसांमधून मेंदूपर्यंत पोहोचण्यास बहुधा काही आठवडे लागतात. एकदा लक्षणे दिसली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. मधल्या अवधीत शरीराची प्रतिकारशक्ती जागृत करावी, हा पाश्चर यांचा विचार होता. त्यासाठी त्यांनी रोगट सशांचा मज्जारज्जू वाळवून लस तयार केली. ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला तिची पहिली मात्रा देण्यात आली. पाश्चर वैद्यकीय पदवीधर नसल्याने इंजेक्शने डॉक्टरांनी दिली. मुलगा वाचला. १८८८ मध्ये पॅरिस येथे पाश्चर संस्था सुरू झाली.

पुढे लस घेतलेल्या काही रुग्णांना पक्षाघात झाल्याचे आढळले आणि वाद निर्माण झाला. लसीतील प्राण्यांच्या मज्जापेशींचे आवरण मानवी नसांच्या आवरणाशी मिळतेजुळते असते. त्यामुळे काही व्यक्तींची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जासंस्थेवर हल्ला करते. १८९५ मध्ये पाश्चर यांचे निधन झाले, तेव्हा हे कारण अज्ञात होते.

भारतात कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये विषाणू निष्क्रिय केलेली लस तयार केली. विषाणूचा धोका टळला, पण मज्जापेशी लसीत राहिल्याच. मेंढ्यांच्या मेंदूपासून बनणारी हीच लस देशात दीर्घकाळ वापरली गेली. पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने जुन्या पिढीच्या स्मरणात आहेत. या लसीने असंख्य प्राण वाचवले, तसेच काहींना कायमचे अपंगत्वही दिले. पेशीसंवर्धनातून तयार होणाऱ्या सुरक्षित लसी उपलब्ध झाल्यावर २००५ पर्यंत ती भारतातून हद्दपार झाली.

आता लसीच्या मोजक्याच मात्रा दंडात दिल्या जातात आणि पूर्वीची भीती बाळगण्याचे कारण उरलेले नाही. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्वरित रुग्णालय गाठावे. जखमेतून रक्त आले असल्यास लसीबरोबर प्रतिपिंडांचे इंजेक्शनही आवश्यक असते. विषाणू मेंदूपर्यंत पोहोचण्यापूर्वी उपचार व्हावेत, हे पाश्चर यांचे सूत्र आजही कायम आहे.