राणीचा रोजचा नेम

मी सातवी शिकलेली घरची बाई. लिहिण्याची मला सवय नाही. पण यंदा आपल्या मंडळात लाठीचा व स्वसंरक्षणाचा वर्ग सुरू झाला, म्हणून झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंविषयी चार शब्द लिहिते.

त्यांचा जन्म काशीचा, वडील मोरोपंत तांबे. आई लहानपणीच वारली. मनू ब्रह्मावर्तास दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयास वाढली आणि तेथे घोडा व तलवार शिकली. 1842 साली झाशीच्या गंगाधरराव नेवाळकरांशी लग्न झाले. मूल झाले, ते गेले. 1853 साली पती गेले आणि 1854 साली इंग्रजांनी राज्यही घेतले.

त्या काळी अशा बाईने कोपरा धरावयाचा. राणीने तो धरला नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा झाशीत राहिले होते. ते ‘माझा प्रवास’मध्ये सांगतात की बाईसाहेब पहाटे उठून मल्लखांब करीत, मग घोडा फिरवीत. मल्लखांबाने मनगट, पोट व मांड्या बळकट होतात आणि पकड घट्ट होते. मार्च 1858 मध्ये ह्यू रोजचा वेढा पडला, तेव्हा झाशीच्या बायकाही तोफांना दारूगोळा पोहोचवीत होत्या. एप्रिलच्या एका रात्री राणी दत्तक मुलाला घेऊन घोड्यावरून निसटल्या आणि जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ लढता लढता पडल्या. ती रात्रीची दौड मला पहाटेच्या त्या नेमाचेच फळ वाटते.

दोन वर्षांपूर्वी तिन्हीसांजेला बाजारातून येताना एकाने पाटलीसाठी माझा हात धरला. मी नुसती मागे ओढत राहिले. तोंडातून आवाजही फुटला नाही. पाटली गेली, मनगट महिनाभर दुखले. वर्गात आता कळले की आधी मोठ्याने ओरडावे, मग धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने हात हिसडावा, कारण पकड तेथेच सैल असते. आणि सुटताच माणसांत पळावे. युक्ती साधी आहे, पण एकदा पाहून ती अंगात मुरत नाही. म्हणून मी व माझी जाऊ रोज सकाळी चहाआधी दहा वेळा करतो. पहिले चार दिवस हसूच फार आले.

आपल्यापैकी काहीजणींना या वयात लोक काय म्हणतील याचा संकोच वाटतो. मलाही वाटला होता. पण राणीने पतीमागेही नेम सोडला नाही, तर आपण निदान सुरुवात करावी. मुलींना पाठवाच, पण त्यांच्याबरोबर स्वतःही या, एवढीच विनंती.