फिलिप हेन्री गॉस आणि कांचेंतील समुद्र

पावसाळ्याच्या आरंभीं आपल्या शेलूच्या भातशेतांत पाणी सांचलें, म्हणजे बांधांतील बिळांतून खेकडे बाहेर पडतात, आणि शाळेंतून घरीं जाणारा एखादा मुलगा त्यांपैकीं एक धरून बरणींत ठेवतो. बरणींत पाणी असतें, भाताचीं शितें असतात, मुलाची माया तर असतेच. तरी दोन दिवसांनीं खेकडा मेलेला आढळतो. प्राण्यावर प्रेम करणें निराळें आणि त्याला जगतां येईल असें घर देणें निराळें, हें त्या मुलास अजून कळलेलें नसतें. समुद्रांतील जीव घरीं आणून त्यांना महिनेच्या महिने जिवंत कसें ठेवावें, या प्रश्नाच्या मागें ज्यानें आयुष्याचीं उत्तम वर्षें घालविलीं, त्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाचें चरित्र आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

फिलिप हेन्री गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजीं इंग्लंडांतील वुस्टर शहरीं झाला. वडील थॉमस गॉस हे गांवोगांव हिंडून लहान आकाराचीं व्यक्तिचित्रें काढीत. घरांत कला होती, पण पैसा नव्हता. फिलिप लहान असतांनाच हें कुटुंब दक्षिण किनाऱ्यावरील पूल नांवाच्या बंदरांत राहावयास आलें. तेथें त्याची आत्या श्रीमती बेल राहत असे. या बाईंस प्राण्यांची फार आवड. त्यांचा मुलगा टॉमस बेल हा पुढें नामांकित प्राणिशास्त्रज्ञ झाला. ओहोटी लागली म्हणजे खडकांच्या खळग्यांत पाणी राहून जातें आणि त्यांत नाना प्रकारचे जीव दिसतात. त्या जीवांची ओळख फिलिपला या आत्याबाईंनीं करून दिली. वडिलांची कुंचल्याची बारीक कारागिरी आणि आत्याची जिज्ञासा, एवढेंच वतन त्या मुलास मिळालें. परंतु तें त्याला जन्मभर पुरलें.

पंधराव्या वर्षीं फिलिपला एका व्यापाऱ्याच्या पेढींत कारकून व्हावें लागलें. १८२७ सालीं तो अटलांटिक महासागर ओलांडून न्यूफाउंडलंड बेटावरील कार्बोनिअर या गांवीं गेला. तेथेंहि कारकुनीच होती. दिवसभर हिशेबाच्या वह्या लिहाव्या आणि उरलेल्या वेळांत कीटक व फुलपाखरें गोळा करावीं, असा त्याचा क्रम होता. १८३२ सालीं त्यानें सूक्ष्मदर्शक यंत्रावरील एक जुनें पुस्तक विकत घेतलें आणि तेव्हांपासून त्याचा छंद अभ्यासांत बदलला. त्याच वर्षीं त्याची धर्मश्रद्धाहि दृढ झाली. हे दोन धागे त्याच्या आयुष्यांत शेवटपर्यंत एकमेकांत गुंतलेले राहिले.

पुढें १८३५ सालीं त्यानें कॅनडांत शेती केली; ती फसली. १८३८ सालीं अमेरिकेंतील अलाबामा प्रांतांत तो मळेवाल्यांच्या मुलांचा शिक्षक झाला. परंतु गुलामांचे हाल पाहून त्याचें मन विटलें आणि कांहीं महिन्यांतच त्यानें तो देश सोडला. १८३९ सालीं तो स्वदेशीं परतला, तेव्हां त्याच्या गांठीं पैसा नव्हता; कॅनडांतील निसर्गावर लिहिलेलें हस्तलिखित मात्र होतें. तें १८४० सालीं प्रसिद्ध झालें. लंडनजवळ हॅक्नी येथें गॉस यांनीं एक लहानशी शाळाहि कांहीं वर्षें चालविली. १८४४ सालीं ते जमेका बेटावर गेले व १८४६ पर्यंत तेथें राहिले. त्या बेटावरील रिचर्ड हिल हे विद्वान् गृहस्थ व सॅम्युएल कॅम्पबेल नांवाचा तरुण मदतनीस यांचें त्यांना मोठें साहाय्य झालें, आणि आपल्या ग्रंथांत त्या दोघांचें ऋण त्यांनीं मोकळ्या मनानें मान्य केलें.

१८४८ सालीं एमिली बोज या विदुषीशीं त्यांचा विवाह झाला. दुसऱ्याच वर्षीं एडमंड हा पुत्र झाला. परंतु लेखनाच्या अतिश्रमानें गॉस यांची प्रकृति ढांसळली, आणि हवापालटासाठीं १८५२ सालीं ते सहकुटुंब डेव्हन परगण्याच्या किनाऱ्यावर गेले. बाळपणीं पाहिलेले खडकांतले खळगे पुन्हां दृष्टीस पडले, आणि त्यांच्या खऱ्या कार्यास तेथें प्रारंभ झाला.

समुद्रजीव घरीं ठेवण्याचा प्रयत्न त्यापूर्वीं कोणी केलाच नव्हता, असें नाहीं. श्रीमती ॲना थिन या बाईंनीं १८४६ सालीं टॉर्की येथील प्रवाळजीव लंडनला आणून वाढविले होते. त्यांची मोलकरीण रोज खिडकीशीं उभी राहून तें पाणी या भांड्यांतून त्या भांड्यांत ओतीत असे, कारण त्यायोगें पाण्यांत हवा मिसळे. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं गोड्या पाण्याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मासे जो वायु सोडतात तो पाणवनस्पति घेतात, वनस्पति प्राणवायु देतात, आणि कुजणारीं पानें गोगलगाई खातात, असें त्यानें दाखविलें. त्यांपैकीं गोगलगाई काढल्या तर सडलेल्या पानांनीं सारें पाणी नासे. १८४५ सालीं इंग्लंडांत कांचेवरील कर उठल्यामुळें कांचेचीं कुंडेंहि स्वस्त झालीं होतीं. गॉस यांनीं समुद्राच्या पाण्यावर स्वतंत्रपणें असेच प्रयोग केले आणि कोणाला घरांत घ्यावें व कोणाला घेऊं नये, याचे नियम सामान्य माणसाला समजतील अशा भाषेंत लिहून ठेवले.

त्यांची निवड करण्याची रीत मनन करण्यासारखी आहे. पुष्कळांस प्रथम सुंदर मासा हवासा वाटतो. गॉस यांची सुरुवात मात्र शेवाळापासून होई. हिरवीं व तांबडीं समुद्रशेवाळें पाणी निर्मळ ठेवतात म्हणून तीं घ्यावीं. तपकिरी जातीच्या शेवाळांतून बुळबुळीत द्रव सुटून पाणी बिघडतें म्हणून तीं टाळावीं. शेवाळ खडकाच्या तुकड्यासकट उचलावें; तें उपटून आणल्यास जगत नाहीं. मग शेवाळाची वाढ आटोक्यांत ठेवणाऱ्या लहान समुद्रगोगलगाई घ्याव्या. त्यांच्या जिभेवर बारीक दांतांच्या रांगा असतात, आणि विळ्यानें गवत कापावें तसें कांचेवरचें शेवाळ त्या खरवडून काढतात. समुद्रफुलें मजबूत व सुखानें राहणारीं. कोळंब्या पडलेलें अन्न वेंचून पाणी साफ राखतात. त्यानंतर गोबीच्या जातीचे लहान मासे; आणि तेहि मोजकेच. जीवांची दाटी करूं नये, आणि मेलेला प्राणी क्षणभरहि आंत राहूं देऊं नये, हा त्यांचा कडक नियम होता. अशा कुंडांत माशांपेक्षां ज्यांना पाठीचा कणा नाहीं असे प्राणीच अधिक असत. म्हणून आपण रूढ केलेला मत्स्यालय हा शब्द त्याला अपुराच पडतो.

या कुंडांत गॉस यांना जें पाहावयास मिळालें, तें किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मनुष्यास दिसणें कठीण. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखांत राहणाऱ्या एका जातीच्या खेकड्याच्या घरावर एक समुद्रफूल पसरलेलें असतें. फुलाच्या दंशामुळें खेकड्याचें रक्षण होतें आणि खेकड्याच्या जेवणांतील कण फुलास मिळतात. खेकडा मोठा होऊन नव्या शंखांत गेला, तेव्हां त्यानें आपल्या नांग्यांनीं त्या फुलास जुन्या घरावरून सोडवून नव्या घरावर नेलें, हें गॉस यांनीं प्रत्यक्ष पाहिलें. सोबती कसा निवडावा आणि कसा सांभाळावा, याचा धडा त्या खेकड्यानेंहि दिला म्हणावयाचा!

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनीं काय करावें, हाहि प्रश्न होताच. आपणां शेलूकरांस तो नीट कळेल. १८५४ सालीं गॉस यांनीं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड हे चार क्षार साध्या पाण्यांत मिसळून समुद्राचें पाणी बनविलें. तें तयार होतांच त्यांत प्राणी सोडले नाहींत. आधीं शेवाळ ठेवून कांहीं दिवस वाट पाहिली आणि मगच जीव आंत घातले. या धीराचें फळ त्यांना मिळालें, प्राणी जगले.

१८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत जगांतील पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. त्यासाठीं अनेक जीव गॉस यांनीं पुरविले होते. १८५४ सालीं त्यांचा ॲक्वेरियम हा ग्रंथ निघाला. त्यांतील रंगीत चित्रें त्यांनींच काढलेलीं होतीं. या ग्रंथानेंच तें नांव आजच्या अर्थानें लोकांच्या तोंडीं बसलें. पुस्तक अतिशय खपलें. १८५५ सालीं इल्फ्राकोम्ब येथें किनाऱ्यावर त्यांनीं स्त्रीपुरुषांचे वर्गहि घेतले. १८५६ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांस सभासद करून घेतलें. कारकुनाच्या बाकावरून उठलेला मनुष्य विद्वानांच्या पंक्तीस जाऊन बसला.

परंतु यशाच्या मागोमाग दुःख आलें. १८५७ च्या फेब्रुवारींत एमिलीबाई कर्करोगानें वारल्या. एडमंड तेव्हां सात वर्षांचा होता. त्याच वर्षीं पृथ्वीच्या वयाविषयीं गॉस यांनीं एक ग्रंथ लिहिला. पृथ्वी निर्माण झाली तीच पुरातनपणाच्या खुणांसह निर्माण झाली, असें त्यांचें प्रतिपादन होतें. तें शास्त्रज्ञांस पटलें नाहीं व धर्मनिष्ठांसहि रुचलें नाहीं. खडकांतील प्राण्यांविषयीं ज्याचे शब्द प्रमाण मानले जात, त्याचा खडकांविषयींचा सिद्धांत मात्र कोणी स्वीकारला नाहीं. गॉस मुलाला घेऊन डेव्हनमधील सेंट मेरीचर्च येथें कायमचे राहावयास गेले आणि पुन्हां समुद्रफुलांच्या अभ्यासांत गढले. त्यांचा ब्रिटिश समुद्रफुलांवरील मोठा ग्रंथ १८६० सालीं पुरा झाला. त्याच वर्षीं त्यांनीं एलायझा ब्राइटवेन यांच्याशीं दुसरा विवाह केला.

आतां सर्वांत मोठें दुःख सांगावयाचें आहे. गॉस यांचीं पुस्तकें वाचून घरोघर कांचेचीं कुंडें आलीं. आगगाडीनें किनाऱ्यावर जाणें सोपें झालेलें होतें. हातोडे, छिन्न्या व टोपल्या घेऊन लोकांच्या झुंडी खडकांवर उतरल्या. ज्यानें त्यानें पुस्तकांतील उचलावें कसें हा भाग वाचला. मोजकें घ्यावें हा भाग विसरला. हजारों जीव काढले गेले आणि घरच्या कुंडांत कांहीं दिवसांतच मेले. ज्या खळग्यांत गॉस यांनीं फुलबागेसारखी शोभा पाहिली होती, ते खळगे थोड्याच वर्षांत ओसाड पडले. आपल्याच लेखणीनें हें घडविलें, या जाणिवेनें त्यांना फार क्लेश झाले, असें एडमंड यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पितापुत्रांच्या आठवणींत नमूद केलें आहे. कोणत्याहि वाईट हेतूनें नव्हे, तर प्रेमापोटीं हा नाश झाला, हें लक्षांत ठेविलें पाहिजे.

उत्तर वयांत गॉस यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं दिसणाऱ्या अतिसूक्ष्म जलजीवांचा अभ्यास केला, आणि हडसन या सहकाऱ्यासह त्यांवरील मोठा ग्रंथ १८८६ सालीं पूर्ण केला. २३ ऑगस्ट १८८८ रोजीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, ते निवर्तले.

त्यांच्या मागून शास्त्र पुढें गेलें. कुंडांत शेवाळ ठेवून कांहीं दिवस थांबावें, हें गॉस यांनीं अनुभवानें जाणलें होतें; त्याचें एक मोठें कारण पुढें उमगलें. प्राण्यांच्या मलापासून अमोनिया हें विष उत्पन्न होतें. खडकावर व वाळूवर वाढणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व नंतर त्या मानानें निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्यें रूपांतर करतात. हे जंतु वाढावयास कित्येक आठवडे लागतात. म्हणून आजहि जाणता मनुष्य आधीं पाणी मुरूं देतो, मग गोगलगाई व कोळंब्या सोडतो, आणि मासे शेवटीं. रंगीबेरंगी मँडरिन मासा कितीहि मोहक असला, तरी त्याला दिवसभर बारीक जिवंत जीव टिपावयास लागतात. लहान कुंडांत तो बहुधा उपाशी मरतो. क्लाऊन मासा मात्र माणसाच्या देखरेखीखालीं अंडीं घालतो व त्याचीं पिलें वाढवितां येतात. आपल्या देशांतील केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनेंहि तें साधलें आहे. अशीं पिलें घेतलीं तर समुद्र रिता होत नाहीं.

प्रवाळ, समुद्रघोडे व समुद्रकाकड्या यांस आपल्याकडे २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याचें छत्र आहे. तीं समुद्रांतून काढणें हा अपराध आहे. डेव्हनच्या किनाऱ्यास असें छत्र तेव्हां मिळालें नाहीं. मुंबईस १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, आणि घाटाखालच्या मुलांसहि आगगाडीनें जाऊन समुद्रजीव न मारतां पाहतां येऊं लागले.

शेताच्या बांधावर खेकडा दिसला, तर आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रथम त्याच्याजवळ बसावें. तो काय खातो, कोणाला भितो, ऊन चढलें म्हणजे कोठें जातो, हें पाहावें आणि वहींत लिहून ठेवावें. त्याला घरीं न्यावेंसें वाटलें, तर त्याच्या घरासारखें घर आपण देऊं शकतों कीं नाहीं, हा प्रश्न स्वतःस विचारावा. उत्तर नाहीं असें आलें, तर त्याला बिळांत जाऊं द्यावें. वही तर आपल्यापाशीं राहतेच.