न दुखणारे हात, दुखणारा कणा

वणीकडून निघून वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा संपतो आणि चंद्रपूर जिल्हा लागतो. पलीकडे वरोरा, आणि वरोऱ्याला लागून आनंदवन. त्यामुळे बाबा आमटे हे नाव यवतमाळकरांना परके कधीच वाटले नाही; ते शेजारच्या घरातले. पण शेजारच्या माणसाची खरी ओळख बरेचदा राहूनच जाते. बाबांची करुणा सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे आयुष्य माणसाच्या मज्जासंस्थेशी किती विलक्षण रीतीने बांधले गेले होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म 26 डिसेंबर 1914 रोजी हिंगणघाटचा. घर जहागीरदाराचे. शिकार, मोटार, सिनेमा असे सगळे शौक करून झाले. वकील होऊन वरोऱ्यात त्यांनी उत्तम जम बसवला. एका मुलीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते एकटे भिडले, तेव्हा गांधीजींनी त्यांना अभयसाधक ठरवले. पुढे वरोऱ्याचे उपनगराध्यक्ष असताना त्यांनी भंग्यांबरोबर मैल्याच्या पाट्याही वाहिल्या.

अशाच एका पावसाळी संध्याकाळी रस्त्याच्या कडेला त्यांना चिंध्यांचे गाठोडे दिसले. जवळ गेल्यावर कळले, तो माणूस आहे. बोटे झडलेली, जखमांत अळ्या पडलेल्या. तुळशीराम त्याचे नाव. अभयसाधक घाबरून घरी पळाले. ही गोष्ट दयेची म्हणून सांगितली जाते. मला ती भीतीची वाटते. त्या भीतीची लाज वाटली म्हणून बाबा परत फिरले आणि तुळशीरामची अखेरपर्यंत सेवा केली.

त्यांना इतके भय कशाचे वाटले असेल? बोटे सडून गळतात, असेच तेव्हा सर्वांना वाटे. खरा प्रकार निराळा आहे. आपला मेंदू आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू हे या संस्थेचे मुख्य ठाणे. मेंदूतून 12 आणि मज्जारज्जूतून 31 अशा मज्जातंतूंच्या जोड्या निघून अंगभर पसरतात. काही तंतू स्पर्श, ऊन-गार, वेदना यांची खबर आत नेतात. काही स्नायूंना हुकूम पोचवतात. तर काही घाम येण्यासारखी कामे आपल्याला न विचारताच उरकतात. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी 1873 मध्ये शोधलेला कुष्ठरोगाचा जंतू या तंतूंना वेढणाऱ्या पेशींतच बिऱ्हाड करतो. त्याला थंड जागा आवडते, म्हणून कातडीलगतचे तंतू त्याच्या तावडीत सापडतात. कोपर आपटला की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना? तो तंतू मेला की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वाकडे होते. गुडघ्याजवळचा तंतू गेला तर पाऊल लोंबकळते. चेहऱ्याचा गेला तर पापणी मिटत नाही. मेंदू आणि मज्जारज्जू मात्र शाबूत राहतात. माणूस आतून पुरता जागा असतो आणि हाताला तवा भाजला तरी त्याला कळत नाही. नकळत झालेल्या अशा जखमा चिघळतात आणि बोटे झिजत जातात. हे वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी शस्त्रक्रिया करता करता दाखवून दिले. योगायोग असा, की तेही 1914 चेच.

बाबा कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगसंस्थेत शिकायला गेले. हा जंतू प्रयोगशाळेच्या बशीत वाढत नाही, तेव्हा संशोधनासाठी त्यांनी स्वतःच्या शरीरात जंतू टोचून घेतले. ते रुजले नाहीत. बहुतेक माणसांत ते रुजत नाहीतच, पण हे तेव्हा कोण मानणार! 1951 मध्ये सहा रोगी, एक लंगडी गाय, चौदा रुपये आणि पन्नास एकर खडकाळ जमीन एवढ्या भांडवलावर आनंदवन उभे राहिले, असे सांगतात. साधनाताई बरोबर होत्याच. ज्या हातांना दगडाची धार कळत नव्हती त्याच हातांनी विहिरी खोदल्या, भाजीपाला पिकवला. पण तो विकत घ्यायला वरोऱ्यात कोणी धजेना. पुढे परदेशी तरुण स्वयंसेवक तिथे राहून राबले, जेवले, तेव्हा कुठे गावाचा धीर झाला. आपल्या माणसांवर नाही, पाहुण्यांवर विश्वास! असो.

आता कुष्ठरोगावर सहा महिने ते वर्षभराची बहुविध औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. अंगावर बधिर, फिकट चट्टा दिसला की दाखवायला जावे, इतकेच. मात्र मेलेला तंतू परत जिवंत करणे औषधाला क्वचितच जमते. उशीर नडतो तो इथे.

आणि बाबांचे स्वतःचे दुखणे? ते नेमके उलट टोकाचे. त्यांच्या रुग्णांना वेदना कळेना आणि त्यांना ती सोडेना. मणक्यांच्या विकाराने त्यांचे बसणे बंद झाले. उभे राहायचे नाहीतर आडवे व्हायचे, मधली सोय नाही. दशकानुदशके कंबरपट्टा लावून ते तसेच जगले. कन्याकुमारी ते काश्मीर ही भारत जोडो यात्रा त्यांनी 1985 मध्ये काढली तेव्हा सत्तरी उलटली होती. तरुण सायकलींवर आणि बाबा मागून गाडीतल्या बिछान्यावर. मॅगसेसे पुरस्कार त्याच वर्षीचा. 1990 मध्ये ते आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले. बसता न येणारा म्हातारा बुडणाऱ्या गावांसाठी नदीकाठी जाऊन पडतो, याचे अनेकांना कोडे पडले; काहींना रागही आला.

शेवटी ते आनंदवनात परतले. 9 फेब्रुवारी 2008 रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता त्यांना त्याच जमिनीत पुरण्यात आले. साधनाताई 2011 मध्ये गेल्या.