सर छोटूराम : काला अंबच्या परिसरातील एक लोकनेता

दरवर्षी १४ जानेवारीस आपण काला अंब येथे जमतो, १७६१ च्या वीरांस अभिवादन करतो आणि सायंकाळपूर्वी परततो. भोवतालच्या गव्हाच्या शेतांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्या संग्रामातून वाचलेल्यांना भरतपूरच्या सूरजमल जाटांनी आश्रय दिला, हे आपण विसरलेलो नाही. त्याच समाजातील, परंतु पावणेदोनशे वर्षांनंतरच्या एका पुरुषाचा हा अल्प परिचय.

छोटूराम यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८८१ रोजी रोहतक जिल्ह्यातील गढी सांपला येथे झाला. कर्ज मागण्यास गेलेल्या त्यांच्या वडिलांना सावकाराने मुलादेखत पंख्याची दोरी ओढावयास सांगितले, ही हकीकत त्या भागात सर्वतोमुखी आहे. कलकत्त्याचे व्यापारी सेठ छाजूराम यांच्या साहाय्याने त्यांचे शिक्षण झाले. १९०५ मध्ये ते दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयातून बी. ए. झाले. पुढे आग्र्यास कायद्याचा अभ्यास पुरा करून त्यांनी रोहतकला वकिली मांडली. १९१६ मध्ये ‘जाट गॅझेट’ हे पत्र काढले. ते जिल्हा काँग्रेसचे अध्यक्षही होते. परंतु असहकाराचा मार्ग न पटल्याने १९२० मध्ये त्यांनी काँग्रेस सोडली. पुढे फझल-इ-हुसेन यांच्यासमवेत त्यांनी युनियनिस्ट पक्ष उभारला.

१९३७ ची प्रांतिक निवडणूक ही त्या पक्षाची खरी कसोटी होती. मताधिकार मर्यादित होता. शेतसारा भरणारा मतदार, भूमिहीन बहुधा वगळलेला. मतदारसंघही धर्मवार विभागलेले होते. असे असूनही पंजाबच्या १७५ जागांपैकी निम्म्याहून अधिक जागा या पक्षाने जिंकल्या. काँग्रेसला १८, तर मुस्लिम लीगला अवघ्या दोन मिळाल्या. हिंदू, मुसलमान व शीख शेतकऱ्यांचे दुखणे एकच आहे, हे छोटूराम गावोगावी सांगत हिंडले होते. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे कार्य हेच.

सिकंदर हयातखान यांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री झाले. १९३८ च्या कायद्याने १९०१ पूर्वी गहाण पडलेल्या जमिनी मूळ मालकांकडे परतण्याची सोय झाली. त्याच वर्षी सावकारांस नोंदणी सक्तीची झाली. १९३९ च्या बाजार कायद्याने धान्यमंडीतील वजनमाप व अडत यांवर नियंत्रण आणले. दामदुपटीचे तत्त्व तेथील कर्जकायद्यात १९३४ मध्येच आले होते. १८७५ मध्ये सुप्यास पेटलेली खते आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल.

शहरी व्यापाऱ्यांनी या विधेयकांना काळे कायदे म्हटले. तो रोष स्वार्थाचा होता. परंतु एक आक्षेप खराच आहे. जमिनीसंबंधीचे संरक्षण सरकारने ‘शेतकरी’ ठरविलेल्या जातींपुरते होते. गावकुसाबाहेरच्या माणसाला त्यातून काही मिळाले नाही. शिवाय पक्षातील बडे जमीनदार आपला वाटा राखूनच होते.

अखेरच्या काळात भाक्रा धरणाच्या योजनेचा त्यांनी नेटाने पाठपुरावा केला. ९ जानेवारी १९४५ रोजी लाहोर येथे त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार रोहतकला झाले. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत मुस्लिम लीगपुढे त्यांच्या पक्षाची वाताहत झाली आणि १९४७ मध्ये पंजाबचे दोन तुकडे झाले. भाक्रा धरण १९६३ मध्ये राष्ट्रार्पण झाले. त्याचे पाणी आज हरियाणाच्या शेतांत खेळते.