एल निनोचा मान्सूनशी संबंध काय? पाया घालणारे गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर कोण होते?

मोबाइलवर एल निनोची बातमी आली, की वालावलच्या भातशेतकऱ्यालाही पावसाची धास्ती वाटते. दूरचा प्रशांत महासागर तापला, तर इथला पाऊस का बिघडतो? या उत्तराचा पाया गिल्बर्ट वॉकर (१८६८-१९५८) यांनी घातला.

१८९९ च्या भीषण दुष्काळानंतर, १९०४ मध्ये ते भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले. हिमालयातला बर्फ, दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब अशा नोंदींची आकडेमोड त्यांनी भारतीय कर्मचाऱ्यांकडून करवून घेतली. त्यात दिसलं, की प्रशांत महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागरावर तो घटतो. हा हेलकावा म्हणजे ‘सदर्न ऑसिलेशन’.

मान्सूनचा खात्रीचा अंदाज मात्र त्यांना साधला नाही. १९२४ मध्ये ते मायदेशी परतले. त्यांच्या मृत्यूनंतर, १९६९ मध्ये शास्त्रज्ञ ब्यर्कनेस यांनी या हेलकाव्याचं एल निनोशी नातं उलगडलं. आज मान्सूनचा अंदाज देताना हवामान खातं या जोडीवर नजर ठेवतं.