डॉ. टी. आओ : कोलकात्याचा वैद्यकीय विद्यार्थी, भारताचा पहिला ऑलिम्पिक फुटबॉल कर्णधार

स्वतंत्र भारताचा संघ पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये उतरला, त्या वेळी त्याच्या पथकाचा तिरंगा कोलकात्यात शिकणाऱ्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या हाती होता. नागा टेकड्यांतून आलेल्या या तरुणाचे नाव तालिमेरेन आओ. क्रीडाजगत त्यांना टी. आओ या नावाने ओळखते.

आओ यांचा जन्म २८ जानेवारी १९१८ रोजी आजच्या नागालँडमधील चांगकी या गावी झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते आणि घरात बारा भावंडे होती. पुढे हे कुटुंब इम्पूर येथील मिशनच्या वसाहतीत राहावयास गेले. तेथील मैदानावर चिंध्यांच्या चेंडूने खेळत आओ यांनी फुटबॉलचे पहिले धडे गिरवले. १९३५ मध्ये विषमज्वराने वडिलांचे निधन झाले. आपल्या मुलाने डॉक्टर होऊन आपल्या लोकांची सेवा करावी, ही त्यांची अखेरची इच्छा होती. या इच्छेनेच आओ यांच्या आयुष्याची दिशा ठरवली.

जोरहाट येथील मिशन शाळेतून ते गुवाहाटीच्या कॉटन महाविद्यालयात आले आणि तेथील महाराणा क्लबकडून खेळू लागले. १९४२ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी त्यांनी कोलकात्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. हेच महाविद्यालय १९४८ पासून आर. जी. कर यांच्या नावाने ओळखले जाते. भाषा, आहार, हवामान, चालीरीती या सर्वच बाबतींत नागा तरुणाला कोलकाता हे परक्या मुलखासारखेच होते. काळही कठीण होता. महायुद्धाची झळ शहरापर्यंत पोहोचली होती आणि १९४३ च्या दुष्काळाने बंगाल होरपळून निघाला होता.

अशा काळात आओ यांना शहराशी जोडले ते फुटबॉलने. १९४३ मध्ये ते मोहन बागान संघात दाखल झाले. याच संघाने २९ जुलै १९११ रोजी बहुतांशी अनवाणी खेळाडूंच्या बळावर ब्रिटिश लष्करी संघाला नमवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली होती. या विजयाने बंगाली मनात फुटबॉलला राष्ट्रीय अस्मितेचे स्थान मिळवून दिले होते. उंचापुरे आओ बचावफळीपुढे मध्यभागी खेळत. प्रतिस्पर्ध्याची चढाई रोखणे आणि तेथूनच आपल्या आक्रमकांना चेंडू पुरवणे ही त्यांची कामगिरी असे. १९४३ आणि १९४४ अशी सलग दोन वर्षे मोहन बागानने कोलकाता लीगचे विजेतेपद पटकावले. अवघ्या एका वर्षात, १९४४ मध्ये, संघाचे कर्णधारपद आओ यांच्याकडे आले. त्याच वर्षी त्यांच्या जन्मभूमीत कोहिमाची भीषण लढाई सुरू होती.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी भारतीय फुटबॉल संघाची धुरा त्यांच्यावर सोपविण्यात आली. २९ जुलै १९४८ रोजी, म्हणजे मोहन बागानच्या त्या ऐतिहासिक विजयानंतर बरोबर ३७ वर्षांनी, वेम्ब्ली येथील उद्घाटन सोहळ्यात आओ भारताचे ध्वजवाहक होते. महाराष्ट्राचे मल्ल खाशाबा जाधव हेही याच पथकात होते.

३१ जुलै रोजी लंडनजवळील इलफर्डच्या मैदानावर भारताची गाठ फ्रान्सशी पडली. स्वतंत्र भारताचा हा पहिलाच आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना. भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी होते. काहींनी पायांना केवळ पट्ट्या बांधल्या होत्या. पूर्वार्धात फ्रान्सने आघाडी घेतली. उत्तरार्धात सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली. मात्र मिळालेल्या दोन्ही पेनल्टी भारताला सत्कारणी लावता आल्या नाहीत आणि अखेरच्या क्षणी दुसरा गोल करून फ्रान्सने सामना २-१ असा जिंकला. भारताचे आव्हान तेथेच संपले.

पराभव झाला तरी इंग्रज प्रेक्षकांची मने या संघाने जिंकली. खेळाडू बुटांविना का खेळतात, याचे तेथील वार्ताहरांना मोठे कुतूहल वाटले. भारतात पायांनी फुटबॉल खेळला जातो, बुटांनी खेळला जाणारा खेळ निराळा, अशा आशयाचे मिश्कील उत्तर आओ यांनी दिल्याची आठवण आजही सांगितली जाते. स्पर्धेनंतर भारतीय संघाने युरोपचा दौरा केला आणि नेदरलँड्समध्ये अ‍ॅजाक्ससारख्या नामांकित संघावर मोठा विजय मिळवला.

कीर्ती शिखरावर असतानाही आओ यांनी अभ्यासाची साथ सोडली नाही. १९५० मध्ये त्यांनी एम.बी.बी.एस. पदवी संपादन केली. फुटबॉलसाठी कोलकात्यात राहणे त्यांना सहज शक्य होते. परंतु वडिलांची इच्छा शिरोधार्य मानून ते मैदानाचा निरोप घेऊन नागा टेकड्यांत परतले. कोहिमाच्या शासकीय रुग्णालयात त्यांनी रुग्णसेवा केली. १९६३ मध्ये नागालँड राज्य अस्तित्वात आल्यावर ते राज्याचे पहिले आरोग्य सेवा संचालक झाले. १९७८ मध्ये ते सेवानिवृत्त झाले आणि १३ सप्टेंबर १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

ईशान्येकडील राज्यांच्या फुटबॉल स्पर्धेला त्यांचे नाव देण्यात आले, तर जन्मशताब्दीनिमित्त २०१८ मध्ये टपाल तिकीट काढून देशाने त्यांचा गौरव केला. खेळाने त्यांना देशभर ओळख दिली, पण शिक्षणासाठी घर सोडताना मनाशी बाळगलेला हेतू त्यांनी अखेरपर्यंत ढळू दिला नाही.