खिशात पैसे नसताना बुद्ध शोधायला निघालेला माणूस : धर्मानंद कोसंबी

आपल्या वस्त्यांमधली मुलंमुली आता पाठीवर सॅक टाकून बोधगया, लुंबिनी, कोलंबो, बँकॉक करू लागली आहेत. स्लीपरचं तिकीट, विहारात मुक्काम, एक वेळचं जेवण आणि मोबाईलवर नकाशा एवढ्यावर पंधरा दिवस काढतात. ही चांगलीच गोष्ट आहे. या मुलांना सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अशाच एका प्रवाशाची ओळख असायला हवी. पाली भाषेचे पंडित म्हणून धर्मानंद कोसंबी यांचं नाव आपण ऐकतो. पण पंडित होण्याआधी सहा-सात वर्षं हा माणूस काशी, काठमांडू, कलकत्ता, कोलंबो, रंगून अशी शहरं जवळजवळ रिकाम्या खिशाने फिरला होता. त्या फिरण्यात आपल्या चळवळीसाठीही एक महत्त्वाचा धडा आहे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी पोर्तुगीज गोव्यातल्या साखवाळ गावी, गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. घरी नारळाच्या बागा होत्या. शाळा जेमतेम झाली, इंग्रजी येत नव्हतं. प्रकृती नाजूक होती. लहान वयात बाळाबाईंशी लग्न झालं. वाचनाचा नाद मात्र जबर होता. तुकोबांची गाथा वाचली आणि पुढे मुलांच्या एका मराठी मासिकात बुद्धाचं चरित्र वाचनात आलं. त्या लेखाने त्यांना झपाटलं. बुद्धाविषयी आणखी जाणून घ्यायचं तर गोव्यात ना पुस्तकं होती, ना गुरू. १८९९ च्या अखेरीस, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडलं.

पहिला मुक्काम पुणे. तिथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. पण बौद्ध ग्रंथ समजून घ्यायचे तर आधी संस्कृत पक्कं हवं, म्हणून ते ग्वाल्हेरमार्गे काशीला पोहोचले. काशीत गंगाधरशास्त्री तेलंगांच्या हाताखाली संस्कृत शिकले आणि अन्नछत्रात जेवून दिवस काढले. १९०२ साली बुद्धाच्या जन्मभूमीच्या ओढीने ते नेपाळात शिरले आणि डोंगरवाटा तुडवत काठमांडूला गेले. मनातला धम्म तिथे सापडला नाही. निराश होऊन ते बोधगयेला आले. तिथल्या एका भिक्खूने सांगितलं की धम्म शिकायचा असेल तर सिंहलद्वीप गाठायला हवं. मग कलकत्त्याला महाबोधी सभेच्या लोकांची गाठ घेऊन, मद्रासमार्गे ते कोलंबोत पोहोचले.

कोलंबोच्या विद्योदय परिवेणात त्या काळचे थोर विद्वान हिक्कडुवे सुमंगल महास्थविर होते. त्यांनी धर्मानंदांना श्रामणेर दीक्षा दिली आणि पालीचं दार उघडलं. तिथलं अन्न मानवेना, प्रकृती ढासळली, तेव्हा ते मद्रासला परतले. तिथून ब्रह्मदेशात गेले, ध्यान शिकले. मधल्या काळात चीवर अंगावर घेऊन, भिक्षेवर राहून सारनाथ, कुशीनारा, लुंबिनी ही ठिकाणं पाहिली. पुन्हा ब्रह्मदेशात जाऊन १९०६ साली ते कलकत्त्याला आले, तोवर या निर्धन प्रवाशाला पाली येणाऱ्या मोजक्या भारतीयांत जागा मिळाली होती. हा सगळा प्रवास त्यांनी 'निवेदन' या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे.

पैसे नसताना हे कसं जमलं? धाडस होतं, चिकाटी होती, यात शंका नाही. पण समाजशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. काशीच्या अन्नछत्रातलं पान ब्राह्मण विद्यार्थ्यासाठी वाढलेलं असे. शास्त्र्यांच्या घरची ओसरी, वाटेतल्या देवळाची पडवी, अनोळखी गावातलं पिण्याचं पाणी ही सगळी जातीने दिलेली शिदोरी होती. गौड सारस्वतांना पंगतीत बरोबरीचा मान द्यायला इतर ब्राह्मण कुरकुर करत, हे खरं. तरी दार अजिबात उघडत नाही अशी वेळ वेगळी आणि उघडल्यावर कुरकुर होते ती वेगळी.

धर्मानंद काशीत होते त्याच सुमारास, १९०१ साली, महाराष्ट्रात आणखी एक प्रवास झाला. नऊ-दहा वर्षांचे भीमराव आपल्या भावाभाच्यांसोबत साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरले. वडिलांकडे जायचं होतं. अंगावर नवे कपडे होते, जवळ पैसे होते, जेवणाचा डबाही होता. पण जात कळताच एकही गाडीवान न्यायला तयार होईना. दुप्पट भाडं कबूल केलं, गाडी मुलांनीच हाकायची असं ठरलं, तेव्हा कुठे बैलगाडी मिळाली. डबा असूनही पाण्यावाचून रात्र काढावी लागली. बाबासाहेबांनी ही आठवण पुढे स्वतः लिहिली.

हे दोन प्रवास शेजारी ठेवून पाहा. एकाकडे पैसे नव्हते, तरी त्याला देशभर अन्नपाणी मिळालं. दुसऱ्याकडे पैसे असून घोटभर पाणी मिळालं नाही. कमी खर्चात एकट्याने फिरणं हा केवळ हिंमतीचा प्रश्न नाही. वाटेवर कोण आपल्याला माणूस समजून घरात घेतं, यावर ते अवलंबून असतं. यात धर्मानंदांचं श्रेय कमी होत नाही. ज्या जातीने त्यांना काशीपर्यंत पोसलं, तिचा आधार त्यांनी पुढच्या टप्प्यावर टाकून दिला. समुद्र ओलांडला, चीवर घेतलं, भिक्षापात्रात जे पडेल ते खाल्लं. कोलंबोच्या परिवेणात आणि ब्रह्मदेशातल्या विहारांत त्यांना जागा मिळाली ती संघाच्या नियमाने मिळाली.

परतल्यावर त्यांनी काय केलं, तेही पाहायला हवं. चीवर उतरवून ते कलकत्त्याला पाली शिकवू लागले. विद्यापीठातली चांगल्या पगाराची जागा सोडून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचं महिना ५० रुपयांचं मानधन पत्करलं, कारण महाराष्ट्रात राहून मराठीत लिहायचं होतं. 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक त्याच काळातलं. १९१० साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना 'विसुद्धिमग्गा'च्या कामासाठी अमेरिकेला बोलावलं. नंतरही ते तिथे गेले, १९२९ साली लेनिनग्राडलाही गेले. मधल्या वर्षांत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे विद्यार्थी तयार केले.

१९३७ साली मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार सुरू केला. परदेशातल्या विहारांनी त्यांना आसरा दिला होता. तसं दार आपल्या कष्टकऱ्यांसाठी त्यांनी उघडलं.

आपल्यातले काही कार्यकर्ते कोसंबींपासून अंतर राखतात, आणि त्याला कारण आहे. ते गांधींच्या जवळचे होते. गुजरात विद्यापीठात त्यांनी काम केलं, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, आणि जून १९४७ मध्ये सेवाग्रामला उपोषण करून त्यांनी देह ठेवला. बाबासाहेबांच्या लढ्यात ते उतरले नाहीत. हे लपवण्याची गरज नाही. पण 'भगवान बुद्ध' या त्यांच्या ग्रंथात म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडल्याची कथा त्यांनी प्रमाण मानली नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यातला संघर्ष त्यांनी पुढे आणला. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही ती पारंपरिक कथा नाकारलेली आहे आणि रोहिणीच्या पाण्याचा तंटा आहे. वेगळ्या वाटांनी आलेले दोन अभ्यासक इथे जवळ येतात. त्यांचं राजकारण न पटताही त्यांचं काम आपण वाचू शकतो.

एक नाव मात्र या प्रवासवर्णनांत मागे राहतं. धर्मानंद निघाले तेव्हा बाळाबाईंच्या पदरी माणिक ही तान्ही मुलगी होती. नवरा कधी परतेल, परतेल का, हे ठाऊक नसताना त्यांनी ती वर्षं काढली. पुढे धर्मानंदांनी मुलीला शिकवलं, मुलगा दामोदर तर जगप्रसिद्ध गणिती आणि इतिहासकार झाला. पण त्या सहा-सात वर्षांचा खर्च बाळाबाईंनी उचलला होता. एकट्याने जग पाहण्याची मुभा तेव्हा पुरुषाला होती. आजही आपल्या घरांत मुलगा बोधगयेला एकटा निघाला तर कौतुक होतं आणि मुलगी निघाली तर बैठक बसते.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, प्रवास करा. स्वस्तात करा, जमेल तसा एकट्याने करा, आणि निघताना 'निवेदन' सोबत घ्या. जे घरी आहेत, विहार समित्यांवर आहेत, त्यांनाही एक विनंती. गावोगावी आपण विहार बांधले, काही ठिकाणी मोठे बांधले, पण बहुतेकांना वंदना संपली की कुलूप लागतं. प्रत्येक विहारात एक खोली, दोन सतरंज्या, पिण्याचं पाणी आणि स्वच्छ संडास एवढी सोय प्रवासी विद्यार्थ्यांसाठी ठेवता येईल. मुलींसाठी आतून लागणारी कडी असलेली वेगळी खोली ठेवता येईल. नोंदवहीत नाव आणि गाव लिहून घ्यावं, जात विचारू नये. पुढच्या महिन्याच्या बैठकीत हा विषय घ्या. मसूरच्या स्टेशनावर जे मिळालं नाही, ते द्यायला आता आपल्या हातात किल्ल्या आहेत.